निरंक

मागे आवाज येतोय ना? बरं. नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय "सरकारी मनोरुग्णालय आणि उत्तरदायित्व", नाव जरा जड झालंय, पण मला सांगायचंय ते सोपं आहे. मनोरुग्णालयाने आपला दर महिन्याचा हिशोब दारावर लावावा. किती आले, किती गेले, कुठे गेले, किती वारले, किती जणांना बांधलं, तक्रारी किती आल्या. मी बँकेत ३२ वर्षं काढली, त्यामुळे हे डोक्यातून जात नाही. आमच्याकडे पाच रुपये कमी आले तरी कॅश टॅली होईपर्यंत कोणी हलायचं नाही, रात्रीचे आठ वाजू देत नाहीतर नऊ. इथे बँकेतले कोण कोण आहेत? हां, बघा, हसतायत ते सगळे बँकेतले.

आपल्या राज्यात चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत हे तुम्हाला माहितीये. मंजूर खाटा येरवड्याला २५४०, ठाण्याला १८५०, नागपूरला ९४०, रत्नागिरीला ३६५. बेरीज ५६९५. म्हणजे एक चांगलं मोठं गावच झालं. गावाला ग्रामसभा असते, जमाखर्च वाचून दाखवावा लागतो, कोणीतरी उठून भांडतं. या गावात भांडायला उठणार कोण? आणि उठला तर म्हणतात आजार वाढलाय, डोस वाढवा.

आता मामाचं सांगते. थोडं लांबेल, पण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. माझा धाकटा मामा, २०२३ च्या पावसाळ्यात एका सरकारी मनोरुग्णालयात होता. कुठलं ते सांगणार नाही, कारण तिथल्या औषधांनी त्याला गुण आला हेही तितकंच खरं आहे. त्याची नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे त्याच्या वतीने बघायला-बोलायला कागदोपत्री असलेली व्यक्ती, मी. तिसऱ्या भेटीला गेले तर डोक्यावरचे केस पार बारीक कापलेले, अंगावर दुसऱ्याच कोणाचा तरी ढगळ शर्ट, बाह्या पंज्यापर्यंत आलेल्या. मी घरचा डबा उघडला, घडीच्या पोळ्या आणि शेपूची भाजी, आणि तो घास घ्यायला हात पुढे करतो तर बाही मागे सरली. दोन्ही मनगटांवर वळ. बांगडीसारखे गोल, कडेला साल निघालेली. मी म्हटलं मामा हे काय, तर तो हळूच म्हणाला, "गॉजपट्टीने बांधतात गं, रात्री. सिस्टर एकटीच असते ना." आणि बाही खाली ओढून जेवायला लागला. तिची बाजू घेऊन बोलत होता तो, हे मला अजून विसरता येत नाही.

सिस्टरला भेटले. तिने नाकारलं नाही. म्हणाली, ताई, रात्री अख्खा वॉर्ड माझ्या एकटीवर असतो, एक अटेंडंट, तोही दोन वॉर्ड बघतो, मी काय करू. मला तिचा राग आला नाही. पण कायदा काय म्हणतो? मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, लागू झाला २९ मे २०१८ ला. त्याचं कलम ९७ काढून वाचा. माणसाला एकटं कोंडून ठेवायला पूर्ण बंदी. बांधायचं तर तेव्हाच, जेव्हा त्याला किंवा दुसऱ्याला लगेच इजा होणार असेल आणि दुसरा काही इलाजच नसेल, तेही मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने, केसपेपरवर कारण लिहून. स्टाफ कमी आहे म्हणून बांधता येत नाही, हे शब्द कायद्यातच आहेत. चोवीस तासांच्या आत प्रतिनिधीला कळवायचं, म्हणजे मला. मला कोणी कळवलं नव्हतं. आणि बांधल्याच्या सगळ्या नोंदींचा अहवाल दर महिन्याला मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे, म्हणजे पेशंटच्या तक्रारी ऐकायला कायद्यानेच नेमलेल्या मंडळाकडे, गेला पाहिजे.

म्हटलं, ठीके, मंडळालाच फोन करू. कलम ७२ प्रमाणे मंडळाचा पत्ता आणि फोन नंबर रुग्णालयात सगळ्यांना दिसेल असा लावायचा असतो, पेशंटला फोन फुकट करू द्यायचा असतो. मी ओपीडी, ऑफिस, भेटीची खोली सगळं पालथं घातलं. शेवटी एका शिपायाने सांगितलं, मॅडम, तो बोर्ड आहे की, त्या कपाटामागे. खरंच होता. गोदरेजचं कपाट भिंतीला लावलेलं आणि त्याच्या कडेने निळ्या बोर्डाची दोन बोटं पट्टी दिसत होती, नंबरचे शेवटचे तीन आकडे वाचता येत होते.

मग माहितीचा अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. मी विचारलं, गेल्या सहा महिन्यांत किती वेळा रुग्णांना बांधलं, दरमहा आकडा द्या, नावं नकोत. उत्तर यायला २९ दिवस लागले. एक ओळ होती. "सदर माहिती निरंक."

निरंक! म्हणजे शून्य. मामाच्या मनगटावरची खपली तेव्हा पडायची होती अजून.

मी अपिलात गेले. सुनावणीत मी एकच गोष्ट धरून ठेवली, की निरंक हा आकडा आहे, शून्य लिहायचं तर ते कुठल्या वहीत बघून लिहिलं ती वही दाखवा. बँकेत निल स्टेटमेंट द्यायचं तरी रजिस्टर उघडावं लागतं. साहेबांनी क्लार्ककडे बघितलं, क्लार्कने खाली बघितलं, आणि मग म्हणाले की अशी नोंदवही ठेवलेलीच नाही. म्हणजे वही नाही म्हणून निरंक. माझी सगळी तक्रार या एका शब्दाशी आहे मंडळी, कारण हाच शब्द वर जातो, तिथे बेरजेत बसतो, आणि वरच्या माणसाला वाटतं सगळं ठीक चाललंय.

हो, चिठ्ठी मिळाली, पाच मिनिटं. आवरते, आता भरभर सांगते.

पहिलं, आकडे मागितले की लगेच सांगतात, रुग्णाची माहिती गोपनीय असते. बरोबर आहे, मानसिक आरोग्य कायद्याचं कलम २३ तेच सांगतं आणि ते असायलाच हवं, आपल्या समाजात लग्नं मोडतात एवढ्यावरून. पण नाव झाकायचं असतं, आकडा झाकायचा नसतो. "या महिन्यात इतक्या जणांना बांधलं" यात कोणाचं गुपित फुटतं?

दुसरं, डिस्चार्जच्या आकड्यापुढे माणूस कुठे गेला ते लिहा. २०२१ च्या जुलैत सुप्रीम कोर्टाने आपल्याच राज्याला सुनावलं होतं, की मनोरुग्णालयातली माणसं भिक्षेकरी गृहात, वृद्धाश्रमात हलवणं कायद्याच्या विरुद्ध आहे. नुसतं "डिस्चार्ज" लिहिलं तर घरी गेलेला आणि भिक्षेकरी गृहात गेलेला एकाच रकान्यात.

तिसरं, मृत्यू. एरवाडी आठवतं ना, तामिळनाडू, ६ ऑगस्ट २००१, साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण आगीतून पळता आलं नाही म्हणून गेले. ती खाजगी जागा होती, मान्य, पण त्यांना बांधून ठेवलंय हे आग लागायच्या आधी उघड दिसत होतं आणि कोणी मोजत नव्हतं. म्हणून वारलेल्यांचा आकडा कारणासकट हवा.

चौथं, माहिती अधिकाराचं कलम ४, न मागता माहिती जाहीर करायची. ते आहेच कायद्यात, नवीन काही मागायचं नाहीये. आणि मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे दर तीन वर्षांनी ऑडिट व्हायला हवं, तो रिपोर्ट मागा. सिस्टरच्या मंजूर जागा किती, भरलेल्या किती, तेही त्याच फळ्यावर येऊ दे, म्हणजे त्या रात्रीच्या बाईच्या डोक्यावर सगळं येणार नाही.

नमुना अर्ज दाराजवळच्या टेबलावर ठेवलेत, झेरॉक्स आहेत, घेऊन जा. पोच घेतल्याशिवाय आवक-जावकची खिडकी सोडू नका.

काय म्हणालात? मामा? घरी आहे, औषधं चालू आहेत, केस आलेत. उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचाच शर्ट घालतो. हां, विचारा, तुम्ही आधी.