गोवरीतून निघालेला उत्सव

(तालुक्याच्या वाचनालयात जुलैच्या पहिल्या आठवड्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

वनमहोत्सव, म्हणजे दर जुलैतला झाडं लावायचा आठवडा, कुणी सुरू केला, असं शाळेत विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: कन्हैयालाल माणेकलाल मुन्शी, १९५०. उत्तर बरोबर आहे, मार्क मिळतात. पण हे गृहस्थ तेव्हा कोणत्या खात्याचे मंत्री होते? पर्यावरण म्हणाल, तर ते खातंच तेव्हा नव्हतं. मुन्शी होते केंद्रात अन्न आणि शेतीमंत्री. देशाला धान्य पुरवायची जबाबदारी ज्याच्या डोक्यावर, तो माणूस झाडं लावा म्हणून का सांगत सुटला, एवढंच मला आज सांगायचंय.

तो काळ आठवा. म्हणजे तुमच्या आजोबांना आठवत असेल. फाळणीत पश्चिम पंजाबातली कालव्याखालची गव्हाची जमीन आणि सिंध पलीकडे गेलं होतं. रेशन चालू होतं, बाहेरून धान्य आणावं लागत होतं. महायुद्धात लाकडाची मागणी वाढली, तशी जंगलांवर कुऱ्हाडही वाढली होती. सरकार ‘अधिक धान्य पिकवा’ म्हणत होतं. पण पिकवायचं तर खत हवं, आणि खत तर चुलीत जळत होतं.

आमच्या आजीच्या परसात गोवऱ्यांची उडवी असायची. आम्हाला ती श्रीमंतीची खूण वाटे. आता हिशेब केला की कळतं, ती उडवी म्हणजे शेताचं उपाशीपण होतं. शेण उकिरड्यात कुजलं तर शेणखत होतं. त्याची गोवरी थापून जाळली, की नत्र धुराबरोबर जातो, मातीला धरून ठेवणारा सेंद्रिय भाग जळून जातो आणि हाती उरते राख. बाईला दोष कशाला द्यायचा? आसपास सरपणच नसेल तर तिनं भाकरी कशावर भाजायची? म्हणून सरपणाची झाडं लावा, म्हणजे शेण शेतात जाईल, हा तो विचार.

वनमहोत्सवाची त्या वेळची उद्दिष्टं वाचली तर ती एखाद्या शेतकऱ्यानं सांगितल्यासारखी वाटतात. जळण, गुरांना पाला, औतांना लाकूड, घराला वासे, कुंपणाला मेढी, वारा अडवायला बांधावर झाडांची रांग, माती वाहून जाऊ नये म्हणून मुळं. सावली आणि शोभाही आहे त्यात, पण इतर गरजांच्या रांगेत. झाड म्हणजे पाणी, पाणी म्हणजे भाकरी आणि भाकरी म्हणजे जीवन, अशा अर्थाचं घोषवाक्यही तेव्हा गाजलं. १९५२च्या वननीतीनं देशाची एक तृतीयांश जमीन वनाखाली असावी असं म्हटलं, त्याच वर्षी मुन्शी उत्तर प्रदेशचे राज्यपाल झाले.

‘महोत्सव’ हा शब्द मात्र मला मुन्शींमधल्या लेखकाचा वाटतो. ते गुजरातीतले मोठे कादंबरीकार. नुसता ‘आठवडा’ पाळून लोक फावडं उचलत नाहीत, हे त्यांना कळत असणार.

आठवडा आधी झालाही होता. जुलै १९४७, स्वातंत्र्य अजून तीन-चार आठवड्यांवर. दिल्लीचे उपायुक्त मोहिंदर सिंग रंधावा यांनी वृक्षारोपणाचा सप्ताह भरवला. पुराना किल्ल्यातल्या कार्यक्रमाला नेहरू होते. त्याच किल्ल्यात सप्टेंबरमध्ये निर्वासितांची छावणी पडली, हे आठवलं की मी जरा थांबतो. रंधावा वनस्पतिशास्त्रज्ञ, फुलझाडांचे दर्दी. पुढे चंडीगडचे रस्ते कोणत्या झाडांनी सजवायचे, हे ठरवण्यातही त्यांचा हात होता. त्याही आधी, १९२८मध्ये, शांतिनिकेतनात रवींद्रनाथांनी वृक्षारोपणाचा सोहळा सुरू केला होता, गाण्यासह. म्हणजे या उत्सवाच्या घराण्यात एक शाखा फुलांची आहे आणि एक चुलीची. जुलैच का, हे तुम्हाला सांगायला नको. मृगानं जमीन भिजवलेली असते, आणि पुढचे दोन-तीन महिने रोपाला पाणी घालायला माणूस लागत नाही.

चुलीची शाखा पुढे मागे पडली. गॅस आला, पोत्यातून युरिया आला, ट्रॅक्टरला बाभळीचा नांगर लागत नाही. राहिला तो गुलमोहर, आणि तोही मूळचा मादागास्करचा.

परवा आमच्या ग्रामपंचायतीत रोपांची यादी चालली होती. मी म्हटलं, दहा तरी बाभळी लावा, नांगर, कुळव, पाभर सगळं तिच्या लाकडावर उभं होतं. सरपंच हसले. “सर, बाभूळ माणसं लावत नाहीत, शेळ्या लावतात.” यावर मला उत्तर नव्हतं. शेंगा खाऊन शेळीच्या पोटातून आलेलं बी लवकर रुजतं, हे मीच वर्गात शिकवत होतो.