भिंत ओळखा, मग मशीन घ्या

[पडद्यावर: तळहातावर विटेचा दंडगोल]

नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या घराच्या भिंतीतून निघालेला हा तुकडा. एका टोकाला सिमेंटचा गिलावा, तो अलीकडचा. त्यामागे रंगाचा पिवळट पापुद्रा, मग चुन्याचा गिलावा. नखाने खरवडला तरी भुगा पडतो. मग वीट, आणि विटेला चिकटून बोटभर जाडीचा चुन्याचा सांधा. या घराची दुरुस्ती किती वेळा झाली, कशाने झाली, सगळं या तुकड्यावर वाचता येतं. एसीची पाइप बाहेर काढायला आलेला पोरगा तो खिडकीतून खाली फेकणार होता.

त्याची चूक नाही म्हणा. त्याला पैसे भोकाचे मिळतात. याच शहरात, सेमिनरी हिल्सवर, एमईसीएल या सरकारी कंपनीचं मुख्यालय आहे. १९७२ साली स्थापन झालेली ही कंपनी देशभर जमिनीत खोल ड्रिलिंग करून खडकाचे असेच दंडगोल वर काढते. तिथे दंडगोल पेट्यांत क्रमाने मांडून ठेवतात आणि भोक सोडून देतात. घरच्या भिंतीचा हिशेब उलटा. तत्त्व मात्र दोन्हीकडे एकच: पोकळ नळी, तिच्या तोंडाशी हिऱ्याचे कण बसवलेले धातूचे तुकडे, म्हणजे सेगमेंट. नळी फिरते, कडेचा गोल तेवढा झिजतो आणि मधला गाभा अख्खा सुटतो. यालाच कोअर कटिंग म्हणतात, आणि या नळीला बिट.

[पडद्यावर: छन्नी-हातोडीने फोडलेलं भोक, आतल्या बाजूला उडालेला गिलावा]

छन्नी-हातोडीनेही भोक पडतंच. पण अडीच इंचाच्या पाइपसाठी सहा इंचाचा खड्डा होतो, पलीकडच्या गिलाव्याचा पोपडा उडतो आणि जुन्या चुन्याच्या भिंतीत शेजारच्या विटाही हलतात. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५च्या वर गेला की घरोघरी एसी बसतात आणि कोअर कटिंगवाल्याचा फोन थांबत नाही. त्यातले काही जण मग स्वतःचं मशीन घ्यायचं ठरवतात आणि इतवारीत, लोहाओळीत येतात.

[पडद्यावर: दुकानाचा काउंटर, रांगेत मांडलेले बिट]

गिऱ्हाईक म्हणतं, “भाऊ, सगळ्यात कडक बिट द्या.” जाणता दुकानदार विचारतो, “भिंत कायची हाये, थे सांगा ना आधी.”

हा प्रश्न खरा. नागपूर दख्खनच्या काळ्या दगडाच्या पूर्व काठावर वसलंय. सीताबर्डीच्या किल्ल्याची टेकडी बेसाल्टची, आणि कामठीकडे गेलं की वालुकाश्म. त्यामुळे जुन्या बांधकामांत दोन्ही दगड सापडतात. महाल-इतवारीत विटा आणि चुना. धरमपेठ-रामदासपेठेतल्या जुन्या बंगल्यांत नऊ इंची भाजलेल्या विटा. शहराला लागून कोराडी आणि खापरखेडा ही दोन औष्णिक वीज केंद्रं आहेत. त्यांची राख वाया जाऊ नये म्हणून १९९९च्या केंद्राच्या अधिसूचनेने विटांत राख वापरायला लावली, त्यामुळे नव्या घरांत राखेच्या करड्या विटा दिसतात. बेसा-मनीषनगरच्या उंच इमारतींत तर एएसी ब्लॉक, म्हणजे आत हवेचे बुडबुडे असलेले हलके सिमेंटचे ठोकळे. एकाच शहरात एवढ्या तऱ्हा, आणि दुकानात विचारायचं एकच बिट? जमत नाही.

आता ती गोष्ट, जी बहुतेकांना उलटी वाटते. मऊ भिंतीला कडक बिट लागतं आणि कडक भिंतीला मऊ. हिरा सगळीकडे हिराच. फरक पडतो तो त्याला धरून ठेवणाऱ्या धातूचा. पेन्सिलीचं लाकूड सोलल्याशिवाय शिसं पुढे येत नाही, तसा हा धातू झिजल्याशिवाय नवा हिरा उघडा पडत नाही. वीट, वालुकाश्म, राखेची वीट यांचा भुगा वाळूसारखा घासतो. धातू मऊ असेल तर तो भराभर झिजतो आणि हिरे काम करण्याआधीच गळून पडतात. म्हणून तिथे कडक धातू. बेसाल्टचं नेमकं उलट. दगड कठीण, पण धातूला घासणारा भुगा कमी. तिथे कडक धातूचं बिट लावलं तर वरचे हिरे बोथट होतात, नवे येत नाहीत. बिट नुसतं फिरत राहतं, भिंत तापते, भोक मात्र पुढे सरकत नाही. कारागीर म्हणतात, “बिट गुळगुळीत झालं.” असं बिट लगेच फेकू नका. एखाद्या खरखरीत विटेत किंवा वालुकाश्मात थोडा वेळ चालवलं की धातू झिजतो आणि धार परत येते.

एएसी ब्लॉकला हिऱ्याची गरजच नाही. तिथे साधं कार्बाइडचं कोअर बिट पुरतं.

[पडद्यावर: मशीनचं हॅमरचं बटण जवळून]

हॅमर बंद. डायमंड बिट लावलं की मशीन फक्त फिरलं पाहिजे, ठोके द्यायचे नाहीत. ठोक्यांनी सेगमेंट तुटतात. घरात आधीच असलेल्या हॅमर ड्रिलवर अडॅप्टर लावून भागवायचा मोह होतो. लहान बिट आणि नरम वीट असेल, तर एखाद्या भोकापुरतं जमेलही. पण ११० मिमीच्या सांडपाण्याच्या पाइपसाठी किंवा किचनच्या चिमणीच्या सहा इंची डक्टसाठी जोर पुरत नाही, क्लचवर, म्हणजे बिट अडकलं की मोटर सोडवणाऱ्या भागावर, ताण येतो.

व्यास वाढला की वेग कमी करायचा. ५२ मिमी आणि १२७ मिमीची बिटं एकाच आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला तेवढ्याच फेऱ्यांनी, फिरवली, तर मोठ्याची कड जवळपास अडीचपट वेगाने घासते आणि तापते. म्हणून दोन-तीन गिअरचं मशीन घ्यावं. आणि क्लच नसलेलं मशीन मी फुकटातही घेणार नाही. दगडी भिंतीत दगड एकमेकांना धड चिकटलेले नसतात. बिट एखाद्या दगडाच्या कडेत अडकलं की नळी थांबते आणि मशीनच हातात गर्रकन फिरतं. क्लच सुटला तर वाचलात, नाही तर मनगट गेलं. बाजूचं हँडल लावल्याशिवाय आणि पाय नीट रोवल्याशिवाय सुरू करायचं नाही, शिडीवर तर अजिबात नाही. मोठा व्यास असेल तर स्टँडवर बसणारं मशीनच बरं.

कोरडं की पाण्याचं, हा पुढचा प्रश्न. विटेच्या भिंतीला बहुधा कोरडंच. वीट पाणी पिते, गाळ ओघळून गिलाव्यावर डाग पडतात. काँक्रीटला पाणी हवं. पण बिट त्याच जातीचं असावं. पाण्याच्या बिटाचे सेगमेंट सहसा झाळून चिकटवलेले असतात, कोरडं चालवलं की तापून निघतात. लेझर वेल्डिंगचं बिट कोरडं चालतं. पाण्यासोबत वीज आली, तेव्हा ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारं स्विच, आहे का, हे आधी बघा. कोरडं कापताना जी बारीक धूळ उडते तिच्यात सिलिका असते. तोंडाला बांधलेला रुमाल ती अडवत नाही. एन-९५ मास्क लावा आणि भोकाशी व्हॅक्यूम धरा. हे काम रोज करणाऱ्याच्या फुप्फुसात ती धूळ साठते आणि मग निघत नाही.

[पडद्यावर: भिंतीवर पेन्सिलची फुली, मग पायलट ड्रिल]

बिटाची लांबीही मोजा. नऊ इंची भिंत दोन्हीकडचा गिलावा धरून दहा इंचांच्या वर जाते. हाती आलेलं बिट १५० मिमीचं असेल, तर मध्येच गाभा फोडून काढावा लागतो आणि एक्स्टेन्शन लावून पुढे जावं लागतं. पायलट ड्रिलने आधी आरपार बारीक भोक पाडलं, तर दोन्हीकडून कापता येतं आणि कुठल्याच बाजूचा गिलावा उडत नाही. भोक बाहेरच्या बाजूला अर्धा इंच उतरतं ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी आत येणार नाही. स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली भोक पाडू नका, वायरिंगची पाइप तिथूनच गेलेली असते. आणि बिटाखाली सळई लागली तर तिथेच थांबा. तो बीम किंवा कॉलम असू शकतो. मालक म्हणाला, “अर्धं तर झालंच आहे, पाडून टाका,” तरी इंजिनीअरला विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही.

वर्षातून दोन-तीन भोकं पाडायची असतील, तर मशीन विकत घेण्यात अर्थ नाही. भाड्याने घ्या किंवा कोअर कटिंगवाल्याला बोलवा. तो भोकाच्या व्यासावर आणि भिंतीच्या जाडीवर भाव सांगेल. भाव ठरवण्याआधी त्याला भिंत दाखवा, आणि तो तिच्यावर हात मारून बघतो का, तेही बघा.