गैरहजेरी हेरणाऱ्या पेशी

(दृश्य: मुलाच्या पाठीवर कांजिण्यांचे फोड, उशाशी कडुलिंबाचा पाला)

कांजिण्या आल्या की शाळा बुडते, खाज सुटते आणि काही दिवसांनी मूल पुन्हा खेळायला पळतं. 1989 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एका किशोरवयीन मुलीची हकीकत प्रसिद्ध केली. तिच्या मात्र कांजिण्या जिवावर बेतल्या. पुढे कांजिण्यांच्या विषाणूच्या, म्हणजे हर्पिसच्या घराण्यातले आणखी विषाणू असेच उसळले. तिच्या रक्तात रोगजंतूंशी लढणाऱ्या टी-पेशी होत्या, बी-पेशी होत्या. नव्हत्या त्या नॅचरल किलर, म्हणजे एनके पेशी.

1975 च्या सुमारास या पेशी स्वीडन आणि अमेरिकेत जवळपास एकाच वेळी सापडल्या. पूर्वओळख नसतानाही त्या कर्करोगाच्या पेशी मारत होत्या. ओळखत कशा होत्या, हे कोडंच होतं.

आपल्या बहुतेक पेशींच्या पृष्ठभागावर एचएलए नावाची प्रथिनं असतात. आत विषाणू शिरला की त्याचे तुकडे या प्रथिनांवर बाहेर मांडले जातात आणि ते पाहून टी-पेशी हल्ला करतात. पण काही विषाणू बिलंदर. सायटोमेगॅलोव्हायरस एचएलएला वर येण्याआधीच अडवतो. टी-पेशी फसतात. एनके पेशी मात्र हजेरी घेत फिरतात. एचएलए जागेवर दिसलं की पुढे, गैरहजर असलं की संशय.

ही कल्पना स्टॉकहोमच्या क्लास शेरे यांची. 1986 साली त्यांनी सहकाऱ्यांसह उंदरांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. लिम्फोमा या कर्करोगाच्या ज्या पेशींवर एचएलएसारखी प्रथिनं शाबूत होती, त्यांच्या गाठी वाढल्या. ज्यांनी ती गमावली होती, त्यांचा उंदरांनी फडशा पाडला.

(दृश्य: एकमेकींना चिकटलेल्या दोन पेशी, क्लोज-अप)

आता नीट पाहा. एनके पेशीच्या आतले कण स्पर्शाच्या बाजूला गोळा होताहेत. त्यांतलं परफोरिन हे प्रथिन समोरच्या पेशीच्या आवरणाला भोकं पाडतं, ग्रॅन्झाइम ही विकरं आत शिरतात आणि ती पेशी आतून स्वतःलाच मोडीत काढू लागते. एनके पेशी पुढे निघालीसुद्धा.

तांबड्या रक्तपेशींवर एचएलए जवळजवळ नसतंच, मग त्या कशा वाचतात? नुसती गैरहजेरी पुरत नाही, हल्ल्याला चिथावणाऱ्या खुणाही लागतात. मारण्यापेक्षा हा संयमच जास्त थक्क करतो.

2020 साली अमेरिकेत ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कर्करोग केंद्राने नाळेच्या रक्तातल्या एनके पेशींत बदल करून त्या लिम्फोमा आणि ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) यांच्या 11 रुग्णांना दिल्याचे निष्कर्ष मांडले. 8 जणांना गुण आला. परक्याच्या टी-पेशी रुग्णाच्याच अवयवांवर उलटू शकतात. इथे तसं एकाच्याही बाबतीत झालं नाही.