ताटातला बर्फ आणि बुरुजाएवढा मावळा

नमस्कार मंडळी! हा फोटो बघा. शहापुरातला आमच्या गल्लीचा दिवाळीतला किल्ला. राजगड केलाय, आणि मावळा बुरुजाएवढा! दिवाळीत खपून जातं. आइसब्रेकर, म्हणजे गोठलेल्या समुद्रातून बर्फ फोडत जाणारं जहाज, त्याचं छोटं मॉडेल टाकीतल्या बर्फातून ओढून बघतात. तिथं हे नाही खपत.

आधी एक सांगतो, हे जहाज बर्फ कापत नाही. त्याचं नाक उतरतं असतं. ते बर्फावर चढतं, आणि भारानं बर्फ वाकून मोडतो, कडक पापडावर बोट दाबल्यासारखा.

आता धरा 100 मीटरचं जहाज, प्रमाण 1:25. मॉडेल झालं 4 मीटरचं. 1 मीटर जाडीचा बर्फ झाला 4 सेंटिमीटरचा. वेग मात्र 25 पट नाही, त्याच्या वर्गमूळाइतका, म्हणजे 5 पट कमी करायचा. हा इंग्रज अभियंते विल्यम फ्रूड यांचा नियम. 1872 मध्ये इंग्लंडमधल्या टॉर्कीच्या टाकीत ते मॉडेलं ओढून बघायचे, पण साध्या पाण्यात.

बर्फ आला की मावळ्याची गंमत होते. परवा मी ताटात 4 सेंटिमीटर बर्फ लावला, वर खेळण्यातली होडी दाबली. होडीचंच नाक चेपलं! जाडी कमी केली, ताकद कुठं केली? समुद्रातला बर्फ साधारण 500 किलोपास्कलला (हे दाबाचं माप) वाकून मोडत असेल, तर टाकीतला 25 पट कमी, म्हणजे 20 ला मोडायला हवा.

मग बर्फ हळवा व्हावा म्हणून पाण्यात काय काय घालतात! मीठ. काही ठिकाणी युरिया, आपण उसाला टाकतो तोच. कॅनडातल्या सेंट जॉन्सला 90 मीटर लांबीची टाकी आहे, तिथल्या मिश्रणात इथिलीन ग्लायकॉल (गाडीच्या कूलंटमध्ये असतं ते), डिटर्जंट आणि साखर. होय, साखर! एवढे कारखाने आपल्या जिल्ह्यात, पण हे गिऱ्हाईक कुणाच्या ध्यानात आलं नसेल. मी आईला सांगितलं, तर म्हणाली, "बर्फ करायलायस की पाक?"

थर गोठला की टाकीचा हॉल थोडा गरम करतात, म्हणजे बर्फ आणखी हळवा होतो. मग त्यातच जिभेसारखी पट्टी कापायची, एक बाजू जोडलेली ठेवून टोक दाबायचं, कितीला मोडते ते मोजायचं. जमलं तरच मॉडेल ओढायचं.

समजा ओढताना 40 न्यूटन जोर लागला, 4 किलोची पिशवी उचलायला लागतो तेवढा. खऱ्या जहाजासाठी 25 चा घन, म्हणजे 15,625 नं गुणा. झाले 6,25,000 न्यूटन, जवळपास 64 टन उचलायला लागतो तेवढा जोर! म्हणून मॉडेलच्या रंगाचा खरखरीतपणासुद्धा मोजून घेतात. तिथं बर्फ जास्त घासला, तर ती चूकही 15,625 नंच गुणली जाते.