दहाव्या दिवशी बंद केलेली गोळी

नमस्कार श्रोतेहो.

माझ्या टेबलाच्या खणात गोळ्यांच्या अर्धवट वापरलेल्या स्ट्रिप पडून आहेत. पेशंटच परत आणून देतात. दहातल्या सात-आठ गोळ्या गेलेल्या, उरलेल्या तशाच. सोबतचं वाक्यही ठरलेलं असतं : "डॉक्टर, आठ दिवस घेतली, काही फरक नाही. उलट मळमळायला लागलं. मग बंद केली."

हे ऐकलं की मला फार वाईट वाटतं. कारण नैराश्याच्या औषधात पहिल्या आठवड्याभरात त्रास जाणवतो आणि गुण यायचा बाकी असतो. माणूस नेमका तिथेच थांबतो. चूक त्याची नाही. डोकं दुखलं की गोळी घ्यायची आणि तासाभरात उतार पडायचा, याची आपल्याला सवय आहे. या औषधाला वेळ लागतो, हे त्याला आम्ही डॉक्टरांनीच नीट सांगायला हवं होतं.

मग वेळ का लागतो? एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन ही आपल्याकडे नेहमी दिली जाणारी औषधं. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी जी रसायनं वापरतात, त्यांतलं एक सेरोटोनिन. काम झालं की पेशी ते परत ओढून घेतात. गोळी हे ओढणं अडवते, आणि तेही काही तासांतच. पण सेरोटोनिन वाढलेलं दिसताच ते सोडणाऱ्या पेशी हात आखडता घेतात. त्यांचा तो आखडता हात सैल व्हायला दोन-तीन आठवडे जातात. पेशींमधल्या जोडण्या नव्याने बळकट व्हायला त्याहून जास्त. उशिराची सगळी कारणं एवढ्यात संपत नाहीत, पण गोळी पहिल्या दिवसापासून कामाला लागलेली असते, हे यावरून लक्षात येईल.

मळमळ, डोकेदुखी, पोट बिघडणं, थोडी बेचैनी हे त्रास बहुतेकांचे दोन आठवड्यांत ओसरतात. जेवणानंतर गोळी घेतली तर मळमळ कमी होते. हे त्रास कमी व्हावेत म्हणून पुष्कळदा आम्ही अर्ध्या गोळीनेच सुरुवात करतो. पहिल्या एक-दोन आठवड्यांत झोप, भूक थोडी सुधारू शकते. मन हलकं व्हायला साधारण चार ते सहा आठवडे, पूर्ण गुण यायला कधी आठ ते बारा.

एका निवृत्त गुरुजींची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. तिसऱ्या आठवड्यात आले ते मान खाली घालूनच. म्हणाले, "काही फरक नाही." शेजारी बसलेल्या काकूंनी पिशवीतून भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, चक्क खिळ्यावरून उतरवून आणलेलं. रोजच्या चौकटीत पेन्सिलीने लिहिलं होतं : 'झोप तीन तास'. 'जेवले नाहीत'. 'झोप चार'. 'बोलले नाहीत'. आणि एकोणिसाव्या दिवशी : 'चहात साखर कमी म्हणाले'.

काकू म्हणाल्या, "डॉक्टर, दोन महिने यांना चहा आहे की पाणी, याचीही दखल नव्हती."

गुरुजींना स्वतःला काहीच जाणवत नव्हतं. असंच होतं. आजारातला माणूस आतून पाहत असतो. बदल आधी घरच्यांना दिसतो. गोळी चालू ठेवायची की नाही, हे त्या साखरेच्या नोंदीने ठरलं.

आता एक गोष्ट मात्र जपून ऐका. काही जणांत मन उजळण्याआधी अंगात हुशारी येते. निराशा तशीच आणि हातापायांत बळ आलेलं, हा काळ नाजूक असतो. पंचवीस वर्षांखालच्या मुलामुलींमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार वाढू शकतात. त्यांना एकटं सोडू नका. असा विचार कुणी बोलून दाखवला, किंवा झोपेशिवायही उत्साह उतू जायला लागला, बोलणं थांबेना, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. टेली मानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

पहिलंच औषध लागू पडेल असंही नाही. अमेरिकेत 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पहिल्या औषधाने साधारण एक तृतीयांश लोक पूर्ण बरे झाले, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना आठ आठवडे किंवा त्याहून जास्त लागले. तेव्हा चार आठवड्यांत काहीच हललं नाही तर आम्ही डोस वाढवतो, औषध बदलतो. पुढे वाटा असतात. बरं वाटल्यावरही किमान सहा महिने गोळी चालू ठेवायची आणि मग हळूहळू कमी करायची. दारूसारखी ओढ या गोळ्यांची लागत नाही, पण एकदम तोडल्या तर चक्कर येते, डोक्यात झटके बसल्यासारखं होतं.

गुरुजींच्या कॅलेंडरवर सातव्या आठवड्यानंतरच्या चौकटी कोऱ्या होत्या. विचारलं, तर काकू म्हणाल्या, "सकाळी उठून हेच चहा ठेवतात. मग आम्ही देवळापर्यंत चालत जातो. लिहायचं राहूनच जातं."

तुमच्या कपाटात अशी अर्धी स्ट्रिप असेल, तर आपल्या मनाने पुन्हा सुरू करू नका. ती घेऊन डॉक्टरांकडे जा. किती दिवस घेतली, काय त्रास झाला, कधी सोडली, सगळं सांगा. आम्ही रागावणार नाही. नमस्कार.