लाल झालं भो! : जळगावातल्या एका टेस्ट-फेरीची गोष्ट

दृश्य: रात्र. रावेर रस्त्यावरचा वजनकाटा. केळीच्या घडांनी भरलेला पिकअप काट्यावर चढतोय.

निवेदन: रात्रीचे दोन वाजलेत. काट्यावर १४ क्विंटल ४० किलो माल आहे, भाव क्विंटलला १,४५० रुपये. मोबाईलवर आकडे टाकले की हिशोबपट्टी तयार होते. एकूण २०,८८० रुपये. त्यातून हमाली ३२० आणि आधी घेतलेली उचल ५,००० वजा. शेतकऱ्याच्या हाती १५,५६०.

ही पट्टी काढणारं वेब अॅप जळगावात बनतं. ते रोज तपासलंही जळगावातच जातं, पण तपासणारा कुणी माणूस नाही.

दृश्य: गोलाणी मार्केटची गर्दी. मग एका छोट्या ऑफिसातला लॅपटॉप. ब्राउझर आपोआप उघडतो, रकाने भरतो, बटण दाबतो. माऊसला कुणाचा हात नाही.

निवेदन: नीट बघा. शेतकऱ्याचं नाव, गाव, वजन, भाव हे सगळं प्रोग्रॅम भरतोय. शेवटी तो पट्टीवरचा आकडा वाचतो. १५,५६० असेल तर हिरवी खूण, एक रुपया इकडेतिकडे झाला तर लाल. ही फंक्शनल टेस्ट. आत कोड कसा लिहिलाय याच्याशी तिला देणंघेणं नसतं. वापरणाऱ्याला जे दिसतं तेवढंच ती बघते.

ब्राउझरला असं प्रोग्रॅमच्या हाती देण्याचं काम जुनं आहे. २००४ साली शिकागोत थॉटवर्क्स कंपनीत जेसन हगिन्स यांनी एका अंतर्गत अॅपच्या तपासणीसाठी सेलेनियम हे साधन लिहिलं. तेव्हा बाजारात मर्क्युरी या कंपनीची महागडी साधनं होती. मर्क्युरी म्हणजे पारा, आणि पाऱ्याच्या विषावर सेलेनियम हा उतारा, असा त्या नावामागचा विनोद. पुढे सायमन स्टुअर्ट यांचं, ब्राउझरला आज्ञा देणारं वेबड्रायव्हर त्यात मिसळलं आणि २०१८ मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सीने वेबड्रायव्हरला अधिकृत मानक केलं. २०२० मध्ये हेच काम करणारं मायक्रोसॉफ्टचं प्लेराइट आलं. या पडद्यावर चाललंय ते प्लेराइट.

दृश्य: एक मुलगी नवा कोड सगळ्यांच्या सामायिक साठ्यात पाठवते, म्हणजे पुश करते. भिंतीवरच्या टीव्हीवर पिवळा गोल फिरू लागतो.

निवेदन: टेस्ट लिहून लॅपटॉपवर ठेवली, तर ती दोन आठवडे चालते. मग घाई येते आणि कुणी ती चालवतच नाही. म्हणून ती चालवणं माणसाच्या मर्जीवर सोडायचं नाही. कोड पुश झाला की सीआय सर्व्हर, म्हणजे प्रत्येक बदल आपोआप तपासणारं मशीन, जागा होतो. कोरं मशीन घेतो, कोड उतरवतो, लॉक फाइलमध्ये लिहिलेल्या, अॅपला लागणाऱ्या लायब्रऱ्यांच्या नेमक्या आवृत्त्या बसवतो, डेटाबेसचा कंटेनर (प्रोग्रॅमचा बंदिस्त डबा) उठवतो, टेबलं बनवतो, नमुन्याची माहिती भरतो, अॅप सुरू करतो आणि मग टेस्टना हाक मारतो. एक जरी टेस्ट पडली तरी प्रोग्रॅम शून्याऐवजी दुसरा आकडा परत करतो. सीआयला तेवढा इशारा पुरतो. बिल्ड, म्हणजे ही सगळी फेरी, लाल होते, आणि लाल बिल्डचा कोड मुख्य ब्रँचमध्ये, म्हणजे कोडच्या मूळ प्रतीत, मर्ज होऊच नये असं कुलूप रेपॉझिटरीवर, म्हणजे त्या सामायिक साठ्यावर, लावलेलं असतं. हे कुलूप नसेल तर बाकीचा खटाटोप शोभेचा.

(ऑफिसातला मूळ आवाज: "लाल झालं भो!")

दृश्य: टीव्हीवर लाल पट्टी. तिघं एका पडद्यावर वाकलेत.

निवेदन: लाल का झालं? पहिल्या महिन्यात बहुतेक वेळा अॅप निर्दोष असतं, टेस्टच कच्ची असते.

अॅप उठायच्या आत टेस्ट धावली, तर जोडणी नाकारली जाते. यावर अनेकजण '३० सेकंद थांब' असं लिहून मोकळे होतात. मशीन संथ असेल त्या दिवशी ३० पुरत नाहीत, आणि वेगवान असेल त्या दिवशी २५ वाया जातात. बरोबर रीत म्हणजे अॅपचा पत्ता दर सेकंदाला ठोठावायचा, उत्तर आलं की पुढे जायचं, आणि दोन मिनिटांत आलं नाही तर तिथेच थांबायचं. पानावरच्या बटणांचंही तेच. प्लेराइट बटण दिसेपर्यंत आणि दाबण्याजोगं होईपर्यंत स्वतः वाट बघतं. मधे झोपेची ओळ घुसडायची गरज नाही.

दुसरं कारण कंटेनरमधलं. कंटेनर चालवणारा डॉकर वेगळं सांगितलं नाही तर सामायिक मेमरी ठेवतो फक्त ६४ एमबी. क्रोमला ती पुरत नाही आणि टॅब मधेच कोसळतो. लॉगमध्ये नीट कारणही सापडत नाही. मेमरी २ जीबी दिली की प्रश्न मिटतो.

तिसरं, टेस्टनी एकमेकींच्या ताटातलं खाणं. एकीने शेतकऱ्याची उचल फेडली, दुसरीला ती बाकी हवी होती. एकेक चालवली तर दोन्ही पास, सोबत चालवली तर कधी ही पडते, कधी ती. प्रत्येक टेस्टने आपला शेतकरी आपण तयार करावा, वेगळ्या नावाने.

दृश्य: पडद्यावर झूम. 'शेतकऱ्यांची यादी' हे शब्द दोनदा, एकाखाली एक. अगदी सारखे. शेजारी लाल खूण.

निवेदन: आता ही गंमत इंग्रजी पुस्तकांत क्वचितच सापडेल. हे दोन्ही शब्द डोळ्यांना एकच. मशीनला मात्र नाही. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर टाइप झालंय. दुसऱ्यात साधा र, त्याचा पाय मोडलेला आणि मागे न दिसणारं जोडचिन्ह. टेस्ट मजकूर शोधते एका रूपाने, पानावर असतो दुसरा. युनिकोडचं (अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीचं) सामान्यीकरण, म्हणजे सारखी रूपं एक करणं, केलं तर र खाली नुक्ता दिलेलं रूप जुळतं, हे जोडचिन्हाचं रूप तरीही जुळत नाही. म्हणून मजकुरावर अवलंबून न राहता बटणाला टेस्टसाठी वेगळी ओळखखूण द्यायची आणि अॅपमधली मराठी एकाच फाइलमध्ये, एकाच पद्धतीने टाइप करून ठेवायची.

आकड्यांचंही तसंच. मराठी कीबोर्डवरून '१४' टाइप झालं, की जावास्क्रिप्टला तो आकडा वाटतच नाही. पट्टी कोरी येते. त्यामुळे वजनाच्या रकान्यासाठी दोन टेस्ट लागतात, एक इंग्रजी अंकांची आणि एक देवनागरी अंकांची.

आणि हा स्क्रीनशॉट.

दृश्य: हिशोबपट्टीची पीडीएफ. सगळीकडे रिकामे चौकोन.

निवेदन: कंटेनरमध्ये देवनागरी फॉन्टच नव्हता. टेस्ट पास झाली होती, कारण पानावरचा मजकूर बरोबर होता. छापलेल्या पट्टीवर मात्र नुसती जाळी. नोटो किंवा लोहितचा फॉन्ट कंटेनरच्या साच्यात, म्हणजे इमेजमध्ये, घातला आणि पट्टीच्या चित्राची तुलनाही तपासणीत आली.

दृश्य: चार हिरव्या पट्ट्या एकाच वेळी पुढे सरकतायत.

निवेदन: वेळेचा हिशोब असा. समजा २४० टेस्ट आहेत, प्रत्येकीला १२ सेकंद. एका मशीनवर ४८ मिनिटं लागतात, आणि एवढा वेळ निकालासाठी कुणी थांबत नाही. चार मशीनवर वाटल्या तर १२ मिनिटं, वर मशीन उभं करण्याचा वेळ. तरी खरा उपाय म्हणजे टेस्ट कमी लिहिणं. हमाली-उचलीच्या वजाबाकीची पन्नास रूपं ब्राउझरमधून तपासायची नसतात. ती युनिट टेस्टमध्ये, म्हणजे ब्राउझरशिवाय कोडचा एकेक तुकडा तपासणाऱ्या टेस्टमध्ये, काही सेकंदांत होतात. ब्राउझरसाठी ठेवायचा मुख्य रस्ता: लॉगिन, नोंद, पट्टी, पैसे. लॉगिनचा ओटीपीही खरा एसएमएस पाठवून घ्यायचा नाही. चाचणीच्या सर्व्हरवर तो ठरावीक असतो, आणि ती सोय खऱ्या सर्व्हरवर बंद आहे, याचीही एक टेस्ट असते.

पडलेली टेस्ट पुन्हा चालवायची सोय असते. एकदाच पुरे. दुसऱ्या वेळी पास झाली तर तिच्यावर 'फ्लेकी', म्हणजे कधी पास कधी नापास, असा शिक्का बसतो आणि ती त्याच आठवड्यात दुरुस्त होते. नाहीतर लाल दिसलं की 'चालव परत' म्हणायची सवय लागते.

हाताने तपासणाऱ्यांचं काम यात कमी झालं. काहीजण आता टेस्ट लिहितात.

दृश्य: पुन्हा रात्र. रिकामं ऑफिस, टीव्ही चालू. मग वजनकाटा.

निवेदन: एक फेरी मुद्दाम रात्री ठेवलीय. सर्व्हरचं घड्याळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. रात्री बारा ते साडेपाच इथे तारीख बदललेली असते, तिथे नाही. या वेळात निघालेल्या पट्टीवर कालची तारीख पडू शकते. १ एप्रिलच्या पहाटे तर पट्टी मागच्या आर्थिक वर्षात जाते. टेस्टच्या सर्व्हरचं घड्याळ भारतीय वेळेवर लावलं, तर ही चूक झाकली जाते. म्हणून सर्व्हर यूटीसीवरच ठेवायचा, ब्राउझर भारतीय वेळेवर, आणि तारीख काढताना कोडमध्ये आशिया-कोलकाता असं स्पष्ट लिहायचं.

सीआयच्या वेळापत्रकात नोंद आहे २०:३० ची, कारण तेही यूटीसीच मोजतं. इथे तेव्हा रात्रीचे दोन वाजलेले असतात. काट्यावर पुढचा पिकअप चढतोय.