‘फक्त एकदा कव्हर करू दे’

(नाशिकच्या सातपूर कॉलनीतल्या गणेशोत्सवात केलेलं भाषण, जरा आवरून लिहिलेलं)

नमस्कार मंडळी. आरती लांबली, त्यात तुमच्यातल्या कितीतरी जणांना उद्या फर्स्ट शिफ्ट असणार, तरी थांबलात त्याबद्दल खरंच आभार. मी डॉक्टर नाही. सव्वीस वर्षं बँकेत लोनच्या टेबलावर काढली, आणि आता आम्ही चार-पाच जण आठवड्यातून दोन संध्याकाळी सिडकोत बसतो, ज्यांच्या घरात कुणी जुगारात अडकलंय त्यांच्याशी बोलायला.

मागे एक ताई आल्या, नवरा अंबडला कंपनीत, पगार वेळेवर, दारू नाही, सिगरेट नाही, आणि तरी दर महिन्याच्या दहा तारखेला घरात पैसे नाहीत. त्यांनी नवऱ्याच्या मोबाईलमधली यूपीआयची हिस्ट्री दाखवली. रात्री 1:12 ला 500 गेले. 1:20 ला परत 500. 1:31 ला 1,000, 1:44 ला 2,000, मग 3,400 जमा, आणि 2:05 ला 5,000 गेले. पैसे दरवेळी वेगळ्याच माणसाच्या नावावर, कुठलं तरी खातं, कुठलं तरी गाव. आता हिशोब करा, 9,000 गेले आणि 3,400 आले. पण नवऱ्याने मित्रांच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकला होता तो त्या 3,400 चाच, आणि मला वाटतं त्याच्या स्वतःच्या डोक्यातसुद्धा तेवढाच राहिला होता.

त्या आकड्यांत मला रकमेपेक्षा वेळ दिसली, आणि रक्कम कशी वाढत गेली ते दिसलं. पहिले 500 गंमत म्हणून लावले असतील, चला मान्य, पण 2:05 चे 5,000 जिंकायला लावलेले नाहीत, ते गेलेले परत आणायला लावलेत. आमच्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक जण हेच वाक्य बोलतो, की दादा मला खेळायचंच नाहीये, फक्त एकदा कव्हर करू दे, मग बंद. माझ्या मते माणूस जुगारी होतो तो पहिल्या डावाला नाही, या वाक्याला होतो.

कव्हर का होत नाही ते सांगतो, कारण पोरांना वाटतं हरलं की डबल लावायचं, कधीतरी लागणारच. तर अर्धा-अर्धा चान्स धरा, 500 पासून सुरू करा, 500, 1,000, 2,000, 4,000 असं डबल करत जा. आठ वेळा सलग हरलात की 1,27,500 रुपये गेलेले असतात आणि नववा डाव 1,28,000 चा लावावा लागतो, आणि तो लागला तरी सगळं मिळून फायदा किती, तर 500 रुपये! आठ वेळा सलग हरणं होत नाही असं वाटतं ना? 1913 साली माँटे कार्लोच्या कॅसिनोत रूलेवर, म्हंजे लाल-काळ्या घरांच्या फिरत्या चाकावर, सलग 26 वेळा काळा रंग आला, आणि आता लाल येणारच म्हणून लोक लाखोंनी हरले. चाकाला मागचं काही आठवत नाही. मटक्याच्या आकड्याचंही तेच, दहा आकडे आणि एकाला नऊचा भाव, म्हंजे रोज शंभर लावले तर दहा दिवसांत हजार जाणार आणि सरासरी नऊशे परत येणार, उरलेले शंभर दुसऱ्याच्या खिशात, हे त्या धंद्यात पहिल्या दिवसापासून ठरलेलं असतं.

आणि हुकणं. एका घराने हुकलं, एका बॉलने हुकलं. मेंदूला हे हरल्यासारखं वाटतच नाही, जिंकल्यावर जी तार हलते तीच थोडीफार हुकल्यावरही हलते, म्हणून माणूस उठत नाही. त्याला नालायक म्हणून काय होणार? जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराचं व्यसन आहे. डॉक्टर लोक नऊ खुणा बघतात, वर्षभरात त्यातल्या चार किंवा जास्त दिसल्या तर आजार म्हणतात. मी तुम्हाला दोनच प्रश्न देतो, तेसुद्धा डॉक्टरांचेच आहेत. लावायची रक्कम वाढवत न्यायची ओढ वाटते का? आणि किती लावले हे घरच्यांपासून लपवावं लागलंय का? एकाला जरी हो आलं तर कुणाशी तरी बोला, उद्याच बोला. बाकी घरच्यांना दिसतं तेही सांगतो, मोबाईल पालथा ठेवणं, बाथरूममध्ये तासभर, मॅच संपली की कारण नसताना चिडचिड, मित्राकडून उसने, मग दुसऱ्याकडून घेऊन पहिल्याचे परत.

एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. घरात कुणाला कंपवात असेल आणि गोळ्या चालू असतील, तर त्यातल्या काही गोळ्यांनी आयुष्यात कधी पत्त्याला हात न लावलेल्या माणसालाही जुगाराची ओढ लागू शकते. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, पण डॉक्टरांना हे नक्की सांगा.

आता घरच्यांची चूक, आणि ती मी स्वतः केलीय. माझ्या मेव्हण्यावर 80,000 झाले होते. माझ्या बहिणीचं घर वाचावं म्हणून बायको रडली, मी एफडी मोडून सगळे एकरकमी दिले, त्याने देवापुढे हात ठेवून शपथ घेतली. सात महिन्यांनी दीड लाख झाले. मी बँकेतला माणूस, मला कळायला हवं होतं की कर्ज फिटलं म्हंजे त्याला लिमिट परत मोकळी मिळाली, बाकी काही बदललं नव्हतं. आता आम्ही सांगतो की रोख हातात देऊ नका. कुणाकुणाचे किती द्यायचेत त्याची यादी त्याच्याच हाताने लिहून घ्या, हप्ते पाडा, पगाराचं खातं काही दिवस घरच्या दुसऱ्या माणसाने बघावं, लोनची ॲपं काढून टाकावीत, आणि बरोबर समुपदेशन हवंच, नुसत्या शपथेने कुणी सुटलेलं मी पाहिलं नाही.

ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राचा कायदा झाला, पैसे लावून ऑनलाइन खेळवण्यावर बंदी आली, खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही, तेव्हा पोलीस येतील या भीतीने गप्प बसू नका. चोरून चालणारी ॲपं आहेतच, आणि तिथे जिंकलेले अडकले तर दाद मागायला जागाच नाही.

शेवटचं, आणि हे कळकळीने सांगतो. कर्ज उघडं पडतं ती रात्र सगळ्यात वाईट असते. त्या रात्री माणसाला एकटं सोडू नका, भांडण सकाळी करा. टेलिमानस म्हणून मनाच्या त्रासासाठी सरकारची हेल्पलाइन आहे, नंबर 14416, फुकट आहे, रात्री दोनलाही उचलतात, मराठीत बोलता येतं.

प्रश्न असतील तर विचारा. आणि सगळ्यांसमोर नको असेल तर मी मागे चपलांच्या स्टँडपाशी उभा राहतो, मंडप बंद होईपर्यंत थांबणार आहे.